अंगावर जातं

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या निपाणी भागात बाईच्या शरीराचा सगळा हिशेब येणं आणि जाणं या दोन क्रियापदांवर चालतो. न्हाण येतं, पदर येतो, पाळी येते. मग दिवस जातात, अंगावर जातं, आणि एक दिवस पाळीच जाते. दिवस गेले म्हणजे पोट राहिलं, पाळी गेली म्हणजे वय झालं, अंगावर जातंय म्हणजे रक्त थांबत नाही. नव्यानं बदलून आलेल्या डॉक्टरला हे कुणी शिकवत नाही. तो म्हैसूरकडचा असला तर सिस्टरशी कन्नडात बोलतो, केसपेपर इंग्रजीत लिहितो, आणि समोर तंबाखूच्या वखारीतून उठून आलेली बाई खालच्या आवाजात सांगत असते, "म्हयना झाला, लई जातंय. थांबंनाच झालंय."

पाळी हा शब्द रानातही आहे. कुळवाची पाळी घालतात, पाण्याची पाळी येते. रानातली पाळी बांधावरून ओरडून सांगतात. अंगाची सांगायची वेळ आली की त्याच बाईचा आवाज पदराआड जातो.

दवाखान्यातला पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाचा असतो. तिथून 280 दिवस मोजले की बाळंतपणाची तारीख निघते. आमच्याकडच्या बायका तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. "बेंदराच्या आदल्या दिवशी." आता सीमाभागात बेंदूर दोन. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठाच्या पुनवेला, महाराष्ट्राचा आषाढात. "आक्का, कुठला बेंदूर?" एवढं विचारायचं जिला सुचतं, ती गावातली आशा सेविका पोटातल्या बाळाचं वय महिन्यानं चुकू देत नाही. पंचांग, दोन राज्यं आणि गर्भाशय यांचं गणित ती एका प्रश्नात सोडवते. तिच्या या शहाणपणाला मी डॉक्टरच्या शिक्क्याइतकाच मान देते.

दुसऱ्या काही शब्दांवर मात्र माझा राग आहे. कावळा शिवला. बाहेरची आहे. बाजूला बसली. विटाळ. यांत रक्त नाही, दुखणं नाही, किती दिवस ते नाही. बाईनं कुठं बसायचं आणि कशाला हात लावायचा नाही, तेवढंच आहे. कन्नडातला 'मुट्टु'सुद्धा शिवण्यातूनच आलेला. सीमेवरून 1956 पासून या दोन भाषांची माणसं भांडत आली, पण बाईला लांब बसवताना दोघांनाही तोच स्पर्श आठवला, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या घरात पाळीला फक्त 'अडचण' म्हणतात, तिथं अडचण किती, हे विचारायला जागाच उरत नाही. वर्षानुवर्षं रक्त जात राहतं, नखं पांढरी पडतात, विड्या वळताना डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि घरचे म्हणतात, बाईची जात, चालायचंच.

वैद्यकानं तरी काय केलं? मेनोरेजिया, मेट्रोरेजिया असे ग्रीक वळणाचे शब्द पिढ्यान्पिढ्या पाठ करायला लावले. आपल्या परिभाषेनं त्यांना अत्यार्तवासारखी संस्कृत नावं दिली. आयुर्वेदाच्या वर्गात ती शोभतात, पण ओपीडीच्या बाकावर कुणी "मला अत्यार्तव आहे" म्हणत नाही. पुढं मोठी आनंदाची गोष्ट घडली. 2005 साली वॉशिंग्टनमध्ये जगभरचे तज्ज्ञ या शब्दांवरच विचार करायला बसले. एकाच नावाचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा लावला जात होता. ती नावं टाकून द्यावीत आणि साध्या भाषेत बोलावं असं ठरलं: रक्त किती जातं, किती दिवस, किती दिवसांनी, नियमानं की अवेळी. 24 ते 38 दिवसांनी येणारी, आठ दिवसांच्या आत थांबणारी पाळी नेहमीची मानली गेली. पूर्वी 80 मिलीलिटरच्या वर गेलं तर जास्त म्हणत; आता जे रक्त जाणं बाईच्या रोजच्या जगण्यात आडवं येतं, ते जास्त. "म्हयना झाला, लई जातंय. थांबंनाच झालंय" यात प्रमाण आहे, मुदत आहे, त्रास आहे. वखारीतल्या बाईची भाषा वैद्यकाला कधीपासून पुरेशी होती.

आणि रक्त किती गेलं हे ठरवताना नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, हे तर आमच्या बेळगाव जिल्ह्यानंच दाखवलं आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बाळंतिणींचा अभ्यास केला. नर्सनं दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला. रक्त मोजण्यासाठी प्लास्टिकचं एक कापड बनवलं होतं: ते कमरेखाली अंथरायचं, खाली निमुळती होत गेलेली पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. नजरेचा अंदाज या पिशवीच्या मापाशी ताडून पाहिला, तेव्हा नजर सुमारे एक तृतीयांश कमी सांगत होती. अनुभवी डोळेसुद्धा रक्त कमीच बघतात.

पाळीच्या रक्ताला अशी पिशवी लावता येत नाही. तिथं माप बाईच्या तोंडी असतं, म्हणून ते तिच्या बोलीत विचारायला हवं. दिवसाला किती कापडं बदलतीस? रात्री उठाय लागतं का? गाठी पडतात का, चिंचोक्याएवढ्या का लिंबाएवढ्या? जिना चढताना धाप लागती? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं, त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासावं, आणि औषध कसं घ्यायचं ते तिला कळेल अशा मराठीत सांगावं.