पेन्शन नसलेल्या मावशीचा हिशेब

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर एक गोष्ट जरा बघा. ते आता नोकरीला जात नाहीत, दुकानात बसत नाहीत. मग त्यांच्या औषधांचे, चहा-साखरेचे, वाढदिवसाला तुमच्या हातावर ठेवतात त्या नोटेचे पैसे येतात कुठून? कुणाला पेन्शन असते, कुणाला बँकेचं व्याज येतं, कुणाला मुलं देतात. आणि काही घरांत यातलं काहीच नसतं. हा प्रश्न घरी विचारलात तर एखादं मोठं माणूस "तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?" म्हणेल. तरी विचारा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना पेन्शन मिळाली, ते गेल्यावर आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. माझी धाकटी बहीणही शिक्षिका आहे; पण महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पद्धत बदलली. जुनी पेन्शन बंद झाली आणि पगारातून काही रक्कम कापून ती गुंतवली जाऊ लागली. बहीण त्यानंतर नोकरीला लागलेली. आणि मी? मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. आमच्याकडे माणसं बारा. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधीचा कायदा आपोआप लागू होत नाही. म्हणजे मला पेन्शन नाही आणि पीएफही नाही. वय वर्षं ४४. साठीला उरली १६ वर्षं.

तर माझी पेन्शन मलाच तयार करायची आहे. तिचा हिशेब मी माझ्या भाचीला बरोबर घेऊन मांडला. ती नववीत आहे आणि तिची आकडेमोड माझ्यापेक्षा चांगली आहे.

आधी तिला ७२ चा नियम सांगितला. तुम्हीही वहीत लिहून घ्या. ७२ ला टक्क्यांनी भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ८ टक्के असतील तर ९ वर्षं, ६ टक्के असतील तर १२. हा नियम पैशाला लागतो तसाच महागाईलाही लागतो, बरं का! आज मला महिन्याला १८,००० रुपये खर्च येतो. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांनी तेच सगळं आणायला ३६,००० लागतील आणि चोवीस वर्षांनी ७२,०००. भाचीने पेन्सिल खाली ठेवली.

"मावशी, अडुसष्टाव्या वर्षी तू काय रोज श्रीखंड खाणार आहेस का?"

"नाही गं. हीच भाजी, हीच भाकरी, हेच लाइट बिल."

इथे तुमच्यापैकी काही जणांचे आई-बाबा म्हणतील, पोस्टात टाका, सुरक्षित असतं. खरं आहे. मीही टाकते. १९६८ साली सुरू झालेलं पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निधी, माझं आहेच. पंधरा वर्षांचं खातं, वर्षाला कमीत कमी ५०० रुपये. एक गंमत सांगते: यात महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मोजतात. म्हणून मी पैसे ५ तारखेच्या आत भरते. पण १९८६ पासून २००० सालच्या जानेवारीपर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज मिळायचं. एप्रिल २०२० मध्ये तो दर ७.१ वर आला होता. ७.१ मधून महागाईचे ६ वजा करा. उरतं ते आपलं. अण्णांच्या पिढीला फक्त पोस्टावर भागवता आलं, कारण त्यांना मागे पेन्शन होती आणि पुढे १२ टक्के होते. माझ्याकडे दोन्ही नाहीत. म्हणून थोडे पैसे शेअर बाजारात न्यावे लागतात, आणि माझ्यासारखी माणसं ते म्युच्युअल फंडातून नेतात.

फंड म्हणजे भिशीसारखं काही नव्हे. हजारो माणसांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून पुष्कळ कंपन्यांचे शेअर किंवा रोखे घ्यायचे आणि प्रत्येकाला त्याच्या पैशाच्या प्रमाणात 'युनिट' द्यायचे. आपल्याकडे ही सुरुवात युनिट ट्रस्टने केली. १९६४ साली त्यांची 'युनिट ६४' ही योजना आली. पुढे अनेक वर्षं कितीतरी घरांत युनिट म्हणजे सोन्याखालोखाल भरवशाची वस्तू होती. पण तिचा भाव आतल्या शेअरांच्या किमतीवरून रोज ठरत नसे, तो संस्था जाहीर करत असे. आतली खरी किंमत आणि जाहीर भाव यांत अंतर पडत गेलं, आणि जुलै २००१ मध्ये युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली. आता प्रत्येक योजनेच्या एका युनिटची खरी किंमत, म्हणजे एनएव्ही, कामकाजाच्या दर दिवशी जाहीर होते.

या एनएव्हीवरून मोठी माणसंसुद्धा फसतात. "हा फंड १० रुपयांना मिळतोय, तो ५०० ला, स्वस्त तो घ्या!" अहो, दोन्हींत हजार रुपये टाका. एकात १०० युनिट येतील, दुसऱ्यात २. दोन्ही फंड १० टक्के वाढले तर दोन्हीकडे ११०० च होणार. कलिंगडाच्या शंभर फोडी केल्या काय आणि दोन केल्या काय, कलिंगड तेवढंच.

मग फंड निवडताना बघायचं काय? मागच्या वर्षी कोण पहिला आला, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं. पुढच्या वर्षी तोच पहिला येईल याची खात्री कुणीच देत नाही. तसं खाली बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. मी आधी बघते तो आकडा वेगळाच आहे. तो कसा बघायचा हे मला अण्णांनी शिकवलं.

२००७ साली अण्णा निवृत्त झाले. निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले आणि चार दिवसांत एका बँकेतले गृहस्थ घरी आले. गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक, त्यात हसणारे आजी-आजोबा. विमाही मिळेल, गुंतवणूकही होईल, दर वर्षी इतके भरा, असं बरंच सांगितलं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि विचारलं, "यात तुम्हाला किती मिळणार?" गृहस्थ म्हणाले, "सर, तुमचा फायदा बघा ना." अण्णांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलाला विचारायचे, अगदी तसाच. तिसऱ्यांदा विचारल्यावर गृहस्थांना दुसरीकडे जायचं आठवलं. पुस्तक मात्र राहिलं. आईने त्याचं कपाटाच्या खणात घालायला कागद म्हणून सोनं केलं.

फंड चालवायला खर्च येतो: व्यवस्थापकाचा पगार, कचेरी, हिशेबनीस आणि विकणाऱ्याचं कमिशन. हा खर्च आपल्याकडून वेगळा मागत नाहीत. एनएव्हीतून रोज थोडा थोडा कापला जातो. म्हणून तो दिसत नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला आपली योजना दोन प्रकारे द्यावी लागते. 'रेग्युलर' प्रकारात मध्यस्थाचं कमिशन असतं, 'डायरेक्ट'मध्ये नसतं. व्यवस्थापक तोच, आतले शेअर तेच. फरक कमिशनचा. कुठे अर्धा टक्का, कुठे एक.

"एकच टक्का ना?" भाची म्हणाली. मी म्हटलं, मांड. समजा १०,००० रुपये ३० वर्षं ठेवले. वर्षाला १० टक्के वाढ धरली (बाजारात एवढी मिळेलच असं नाही, गणितापुरती धरू) तर होतात सुमारे १,७४,५००. एक टक्का खर्चात गेला, म्हणजे ९ टक्के मिळाले, तर होतात सुमारे १,३२,७००. फरक जवळजवळ ४१,८०० रुपयांचा! टाकले होते दहा हजार, आणि त्या एका टक्क्याने त्याच्या चौपटीहून जास्त नेले. भाचीने कॅल्क्युलेटरवर तीन वेळा करून बघितलं. तुम्हीही करून बघा, १.१० ला स्वतःशी तीस वेळा गुणायचं, मग १.०९ ला.

आता हेही खरं, की चांगला सल्लागार असेल तर त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. बाजार पडल्यावर घाबरून सगळं विकायला निघालेल्या माणसाला जो थांबवतो, त्याचं काम मोलाचं असतं. पण किती देतो आहोत ते माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

खर्चाच्याच कारणाने मी इंडेक्स फंड घेतला. वर्गातला कोणता मुलगा पहिला येईल यावर पैज लावायची, की अख्खा वर्गच आपल्या बाजूला घ्यायचा? इंडेक्स फंड दुसरं करतो. निफ्टीत ५० कंपन्या असतात; त्या फंडात त्या पन्नासही, त्याच प्रमाणात. निवडायचं काही नाही, म्हणून खर्च कमी. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य लोकांसाठी असा पहिला फंड आणला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती. जमले सव्वा कोटीही नाहीत. लोकांनी त्याला 'बोगलचा वेडेपणा' असं नाव ठेवलं. बोगल २०१९ मध्ये वारले, तोवर जगभर असे फंड झाले होते.

यासाठी डीमॅट खातं लागतं का? नाही. फंड कंपनीकडे थेट अर्ज करता येतो. पॅन, ओळखीची कागदपत्रं आणि बँक खातं पुरतं. डीमॅट लागतं ते शेअर ठेवायला, आणि ते विकत घ्यायला-विकायला दलालाकडे ट्रेडिंग खातं. १९९६ पूर्वी शेअरचे कागद टपालाने यायचे, सही जुळली नाही की परत जायचे. आता मोबाइलवर दहा मिनिटांत खातं उघडतं, आणि माझी काळजी तिथेच आहे. त्याच पडद्यावर, शेजारच्याच बटणावर फ्युचर्स आणि ऑप्शन्स असतात. सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा सौद्यांत उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांचं नुकसान झालं. कॉलेजातले दादा-ताई झटपट पैशांच्या गोष्टी सांगतात ना, ते बहुधा उरलेल्या सातांतले असतात, किंवा त्र्याण्णवांतले असून सांगत नाहीत.

साधा इंडेक्स फंडही पडतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्या खाली आला. २३ मार्च २०२० ला एकाच दिवसात १३ टक्क्यांहून जास्त पडला. म्हणून भाचीने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता: "तू साठ वर्षांची होशील त्याच वर्षी असं झालं तर?"

शंभराचे पन्नास झाले तर पुन्हा शंभर व्हायला ५० नव्हे, १०० टक्के वाढ लागते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी वाट बघू शकते, एकसष्टाव्या वर्षी नाही. म्हणून माझं असं ठरलंय. सहा महिन्यांचा खर्च बँकेत, त्याला हात लावायचा नाही. दरमहा २,००० पीपीएफमध्ये. ३,००० निफ्टीच्या डायरेक्ट इंडेक्स फंडात, पगारानंतर दुसऱ्याच दिवशी आपोआप जाणारे. १,००० एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत. ती २००९ पासून सगळ्यांना खुली आहे. तिच्यातले पैसे सहज काढता येत नाहीत, आणि मोठी रक्कम जमली तर शेवटी तिच्या काही भागाची पेन्शनच घ्यावी लागते. काहींना हा तोटा वाटतो. मला तेच हवंय. पंचावन्नाव्या वर्षापासून दर वर्षी इंडेक्स फंडातला थोडा भाग काढून ठेवींत न्यायचा, बाजार कितीही वर असला तरी.

एवढ्याने ७२,००० चा महिना भागेल का? भाचीच्या हिशेबाने नाही भागत. पगार वाढेल तशी रक्कम वाढवावी लागेल आणि साठीनंतरही चार-पाच वर्षं घरी बसून मुद्रितं तपासावी लागतील. चष्म्याचा नंबर तेवढा वाढू नये.

भाचीकडे ओवाळणीचे आणि बक्षिसाचे मिळून २,२०० रुपये आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये लहान मुलांसाठी एनपीएस वात्सल्य सुरू झालं, पण तिला इंडेक्स फंडच हवाय. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या नावाने फंड घेता येतो. पालकांची सही, पालकांचा पॅन आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. तिच्या आईचं म्हणणं, त्यापेक्षा सोन्याचा मणी घेऊ. दोघींची बोलणी चालू आहेत. भाचीने अर्ज भरून ठेवलाय, आणि 'डायरेक्ट'च्या चौकटीत खूण केलीय.