आवाज कधी थांबतो?

अनंत चतुर्दशी उलटून आठवडा झाला होता. रोह्याचे एक काका पेणला माझ्या गॅरेजवर आले आणि उतरायच्या आधीच काच खाली करून म्हणाले, "एसी लावला की टर्रर्र करतो. कॉम्प्रेसर गेलाय म्हणतात." कुणीतरी नव्या कॉम्प्रेसरचा आकडाही सांगून ठेवला होता, त्यामुळे चेहरा पडलेला.

आपलं गिऱ्हाईक आवाज सांगत नाही, तोंडाने काढून दाखवतं. इतकी वर्षं ते ऐकून माझ्या डोक्यात एक कोशच तयार झालाय. एसी लावताना 'चीं' झालं की बेल्ट घसरतोय, नाहीतर क्लचची प्लेट. इंजिन चालू आहे तोवर घरघर, एसी बंद असला तरी, म्हणजे बहुधा पुलीचं बेअरिंग. कारण पुली एसी नसतानाही फिरतच असते. एसी लावताना एकदा 'टक्' होणं हे क्लच चिकटल्याचं लक्षण, त्यात काळजी नाही. तेच दर दोन-चार सेकंदांनी टक्-टक् व्हायला लागलं, तर गॅस कमी झालाय का ते बघायचं. छोट्या गाडीत गॅस मावतो जेमतेम अर्धा किलो, आणि नेमके ग्रॅम बहुतेक वेळा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असतात. 'थोडा जास्त भरा, गार होईल' असा आग्रह पुष्कळजण करतात. जास्त भरला की दाब चढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसर धडधडायला लागतो.

पण शब्दावर सगळा भरवसा टाकायचा नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यात नवा असताना धाटावच्या एमआयडीसीतली एक जीप आली होती. एसी लावला की खरखर, बंद केला की शांत. दुसरं काय असणार म्हणून मी कॉम्प्रेसर उतरवला, दुसरा बसवला, गॅस भरला, एसी लावला. खरखर होती तशीच. बेअरिंग गेलं होतं बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं. एसी लागला की बेल्टवर भार यायचा आणि ओरडायची ती. चोर सोडून संन्याशाला फाशी! मजुरी तर सोडलीच, वर गॅसचा भुर्दंड मी भरला. तेव्हापासून आधी लांब स्क्रूड्रायव्हर घेतो. टोक एकेका भागाच्या स्थिर अंगाला, मूठ कानाला, आणि शर्टाची बाही पंख्यापासून लांब. तरी शंका राहिली तर बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवून बघतो. खराब बेअरिंग बोटांना वाळू लागल्यासारखं कळतं.

काकांना विचारलं, "आवाज कधी थांबतो?"

"सांगितलं ना, एसी बंद केला की."

इथेच गोम असते. गिऱ्हाइकाच्या लेखी डॅशबोर्डमधून वारा आला की तो एसी. मी इंजिन बंद करायला लावलं, चावी एक घर पुढे ठेवून नुसता ब्लोअर लावला. टर्रर्र! बेल्टच थांबलाय तिथे कॉम्प्रेसर कुठून ओरडणार? ब्लोअर एकवर ठेवला की आवाज सावकाश, चारवर नेला की भराभर. पंख्याच्या पात्यांना काहीतरी घासत होतं.

डावीकडचा कप्पा उतरवला, तीन स्क्रू काढले, ब्लोअर हातात घेतला. पिंजऱ्यासारख्या त्या पंख्यात पेंढ्याच्या चार-पाच काड्या अडकलेल्या आणि थर्माकोलचे दाणे.

काका बघतच राहिले. मग हसले. हमरापूरहून गणपती पुढच्या सीटवर बसवून नेला होता, हलू नये म्हणून चारी बाजूंनी पेंढा. सीटवरचा तेवढा उचलला, पायाशी सांडलेला तसाच राहिला. आमच्या महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून धूळ आत नको म्हणून वडखळ आलं की जो तो आतलीच हवा फिरवायचं बटण दाबतो. त्यांच्या गाडीत ती हवा पुढच्या सीटच्या पायाशीच ओढली जाते, आणि फिल्टर पंख्याच्या पुढे. काडीला थेट वाट मिळाली.

पंखा ब्रशने साफ केला, फिल्टर झटकला, सगळं जागच्या जागी बसवलं. काड्या मी कचऱ्यात टाकणार, तोच काकांनी हात पुढे केला. "द्या इकडे. बाप्पाच्या बैठकीच्या आहेत, झाडाच्या बुंध्याशी घालतो." रुमालात बांधून ठेवल्या.

इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी चालवला. नुसता वारा, गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला लागले, म्हणजे आतली दमट हवा सुकतेय. इंजिन बंद केलं तसं डॅशबोर्डमधून बारीक 'फुस्स्' ऐकू आलं. काका दचकले. "आता हा कसला?"

"दाबाखालचा गॅस बारीक भोकातून पलीकडे जातोय, दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत. थांबा जरा."

आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. अर्ध्या मिनिटात तो आपोआप थांबला.