काच सांगेल तेवढंच

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

‘फॉरेन्सिक’ म्हटलं की आपल्या टीव्ही रूममधल्या जनतेला एकच माणूस आठवतो. ‘सीआयडी’तले डॉ. साळुंखे! पांढरा कोट, रंगीत पाण्याच्या बाटल्या, आणि जाहिराती संपायच्या आत खुनी कोण ते हजर. मी गेलं दीड वर्ष दर रविवारी सकाळी कुठे गायब होतो याबद्दल हॉस्टेलमध्ये बऱ्याच अफवा आहेत (दोन तर माझ्या घरापर्यंत पोचल्या), म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी काचा फोडायला जातो.

सेकंड इयरला एसओएमच्या तासाला मॅडम बेंडिंग शिकवत होत्या. काच दाबाला दणकट आणि ताणाला कच्ची, त्यामुळे वाकवली की ताणाच्या बाजूने आधी फुटते, एवढं सांगून त्या पुढे गेल्या. तासानंतर मी विचारलं, “मग फुटलेल्या काचेवरून मार कुठून बसला ते कळेल का?” मॅडम म्हणाल्या, “हे मला नको, त्यांना विचार,” आणि एक पत्ता दिला. एसटी स्टँडच्या मागे, दुसरी गल्ली. तिथे सर राहतात. सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत आयुष्य काढून रिटायर झालेले. त्यांचं नाव लिहायची परवानगी मागितली तर म्हणाले, “नाव कशाला? काचेबद्दल लिही.”

पहिल्या रविवारी मी नवी कोरी जर्नल घेऊन गेलो होतो. सरांनी ती बाजूला ठेवली आणि एक शंभर पानी वही पुढे केली. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. बशीत काचेचे दहा तुकडे होते. “याचं वर्णन लिही. डावीकडच्या रकान्यात ‘म्हणजे’ हा शब्द आला की ते पान बाद.” तुम्हीच करून बघा, किती अवघड आहे ते! ‘हिरवट झाक असलेली कड’ हे दिसलेलं. ‘खिडकीची काच’ हे वाटलेलं. दोन तासांत मी सव्वा पान लिहिलं. काकूंनी पोहे आणले म्हणून सुटका झाली, नाहीतर अजून तिथेच बसलो असतो.

सरांच्या बोलण्यात ‘फॉरेन्सिक’ हा शब्दच फारसा येत नाही. येतात ते मुद्देमाल, पंचनामा, लाखेचं सील, सीए रिपोर्ट असे शब्द. पोलिसांकडून पाकीट आलं की आधी सील शाबूत आहे का, सोबतच्या पत्रातल्या नमुन्याशी जुळतं का, हे बघायचं. ते नसेल जुळत तर आत हिरा असला तरी पुढचं सगळं कोर्टात लटकतं. “साळुंख्यांना दोन मिनिटांत खुनी सापडतो, मला पाकीट उघडायलाच अर्धा तास लागायचा.”

मधले काही महिने तर काच बाजूलाच राहिली आणि ठशांचा इतिहास झाला. हा इतिहास आपल्याच देशातला आहे हे मला माहीत नव्हतं. 1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंज्याचा ठसा करारावर उमटवून घेतला. पुढे 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचा विभाग सुरू झाला. पण हजारो ठशांमधून हवा तो शोधायचा कसा? त्याचं गणित बसवणाऱ्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे होते. पद्धतीला नाव मात्र मिळालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं! (सबमिशनला ग्रुपमध्ये काम कोण करतं आणि नाव कोणाचं लागतं, ते आठवा.) गणित आपल्या ओळखीचंच आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या. बोटावर चक्र असेल तर जोडीप्रमाणे 16, 8, 4, 2, 1 असे गुण, शंख असेल तर शून्य. चक्क बायनरी! वरचे 32 प्रकार, खालचे 32 प्रकार, मिळून 1024 कप्पे. कॉम्प्युटरच्या पोरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

काचेकडे परत येतो. साध्या खिडकीच्या काचेला एका बाजूने मार बसला की ती पलीकडे वाकते. पलीकडच्या पृष्ठभागावर ताण येतो, म्हणून पहिले तडे तिथे सुरू होतात आणि माराच्या जागेपासून सूर्यकिरणांसारखे पसरतात. हे रेडियल तडे. मग त्यांच्यामधले त्रिकोणी तुकडे अजून मागे ढकलले जातात, तेव्हा ताण माराच्या बाजूला येतो आणि गोल गोल तडे पडतात. आता रेडियल तड्याची कड भिंगाखाली तिरक्या उजेडात धरा. तिथे वाकलेल्या बारीक रेषा दिसतात, शिंपल्यावर असतात तशा. ज्या पृष्ठभागापासून तडा सुरू झाला त्याला या रेषा काटकोनात भेटतात आणि दुसऱ्या बाजूला जाता जाता जवळजवळ समांतर होतात. म्हणजे रेडियल तडा असेल तर काटकोन माराच्या उलट बाजूला. (इथे ‘म्हणजे’ चालतं, हा ‘दिसलं’चा रकाना नाही.) अट एकच, काच साधी हवी. गाडीच्या बाजूच्या टफन्ड काचेचे खड्यांसारखे तुकडे होतात, त्यांना हा नियम लागत नाही.

पुस्तकात हे तीन ओळींत संपतं. सर म्हणाले, “स्वतः फोडून बघितल्याशिवाय लिहायचं नाही.” झालं! काचवाल्याकडून 3 आणि 4 मिलिमीटरचे कापलेले तुकडे स्वस्तात आणले. कार्पेंटरी शॉपच्या मामांनी लाकडी चौकट करून दिली, वर ‘गॉगल नसेल तर चौकट परत घेईन’ असा दम. बेअरिंगमधला स्टीलचा गोळा, खाली घमेलं, चारी बाजूंनी गोणपाट. पहिल्या चाळीसेक काचा नुसतं बघायला शिकण्यात गेल्या. मग सरांनी परीक्षा घ्यायला लावली. रूम पार्टनरने माझ्या पाठीमागे 20 काचा फोडायच्या, मार कुठून दिला ते स्वतःच्या वहीत लिहायचं आणि मला फक्त तुकडे द्यायचे. 17 काचांचं उत्तर मी दिलं आणि ते त्याच्या वहीशी जुळलं. 3 काचांपुढे मी ‘सांगता येत नाही’ लिहिलं. सरांनी 17 कडे बघितलंही नाही. त्या तिन्हींचे तुकडे मागवून घेतले, भिंगाखाली फिरवले आणि म्हणाले, “बरोबर. मलाही सांगता येत नाही.” एवढं कौतुक मला आजवर कुठल्याच ओरलला मिळालेलं नाही.

हे तीन एवढे महत्त्वाचे का, ते दोन प्रकरणं वाचल्यावर कळलं. 2004 मध्ये माद्रिदला रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफील्ड या वकिलाचा आहे, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितलं आणि त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवलं. ठसा निघाला दुसऱ्याच माणसाचा, तोही स्पेनच्या पोलिसांनी शोधल्यावर. एफबीआयने माफी मागितली, तो घरी गेला.

दुसरं प्रकरण काचेचं आहे. 1991 च्या डिसेंबरमध्ये टेक्सासमधल्या कोर्सिकाना गावात घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. बाप कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम वाचला, आणि आग त्यानेच लावली असा खटला त्याच्यावर झाला. तपास करणाऱ्यांनी ज्या खुणा दाखवल्या त्यांत खिडकीच्या काचेला पडलेलं बारीक तड्यांचं जाळंही होतं. असं जाळं म्हणजे आग फार झपाट्याने भडकली, कोणीतरी पेट्रोलसारखं काही ओतलं, असा तेव्हा पक्का समज. जॉन लेंटिनी या तज्ज्ञाने पुढे प्रयोगशाळेत काचा तापवून बघितल्या. जाळं झपाट्याने तापल्यामुळे पडत नाही. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की पडतं. आग विझवायला मारलेल्या पाण्याची ती खूण! पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगत आले आणि साधा प्रयोग कोणी केला नाही. विलिंगहॅमला फेब्रुवारी 2004 मध्ये मृत्युदंड दिला गेला. आग कशी लागली हे मी सांगत नाही, पण ती काच त्याच्याविरुद्ध काहीच बोलत नव्हती. त्या रविवारी पोहे गेले नाहीत.

आता जे लिहिणार आहे ते हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात मेसच्या स्टोअरच्या खिडकीची काच रात्रीतून फुटली आणि तेलाचे दोन डबे गेले. बाहेरच्या व्हरांड्यात मेसमधला एक पोरगा झोपायचा. वयाने आपल्याएवढाच. त्याने बाहेरून काच फोडून, हात घालून कडी काढली असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारू नका, दहा वाजेपर्यंत सगळ्यांनाच माहीत होतं. त्याचा महिन्याचा पगार अडकला.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “खाली पडलेल्या तुकड्यांना हात लावू नकोस. त्यांची कुठली बाजू बाहेर होती ते आता देवालाच माहीत. चौकटीत काय उरलंय?” लांबीत अडकलेले सहा तुकडे उरले होते. रेक्टर सरांची परवानगी घेतली (त्यांनी ती लगेच दिली, हे मुद्दाम नोंदवतो). मेस सेक्रेटरी आणि मामा यांच्यासमोर प्रत्येक तुकड्यावर बाहेरच्या बाजूला ‘बा’ लिहिलं, फोटो काढले, मगच तुकडे सोडवले. मार कडीजवळच्या कोपऱ्यात बसला होता, म्हणून हे तुकडे माराच्या अगदी जवळचे. चार तुकड्यांच्या रेडियल कडांवर काटकोन ‘बा’च्या बाजूला होता. दोघांचं सांगता येत नव्हतं.

काटकोन बाहेर, म्हणजे मार आतून.

मी उड्याच मारायच्या बाकी होतो. सर म्हणाले, “तुझ्या काचा चौकटीत मोकळ्या होत्या, मार मधोमध होता. इथे लांबी आहे आणि मार कोपऱ्यात आहे. नियम तिथेही चालतो हे कशावरून?” मग सहा काचा लांबी लावून बसवल्या, आठवडाभर वाळवल्या, तीन आतून आणि तीन बाहेरून, कोपऱ्यातच फोडल्या. चालला. तोपर्यंत हॉस्टेलमध्ये माझ्या नावाने शंख सुरू झाला होता की हा मुद्दाम वेळ काढतोय.

रिपोर्ट तीन वाक्यांचा झाला. कोणते तुकडे तपासले. चार तुकड्यांवरून मार आतल्या बाजूने बसल्याचं दिसतं. लांबी जुनी असताना कडांवर काय फरक पडतो ते तपासलेलं नाही.

आमच्या विंगमधली पोरं खवळली. ‘सदर मुलगा निर्दोष आहे’ एवढं एक वाक्य टाकायला काय जातं? गरिबाचं पोर आहे, तुझ्या अक्षराला किंमत आहे. मलाही ते लिहावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. सरांना विचारलं. त्यांनी हो-नाही काहीच म्हटलं नाही. फक्त विचारलं, “स्टोअरची किल्ली कोणाकोणाकडे असते?” किल्ली तिघांकडे असायची, आणि त्यातला एक तो पोरगा होता. आतून काच फुटली याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही. तो होता असाही होत नाही. मी वाक्य टाकलं नाही. रूम पार्टनर चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

‘बाहेरून फोडली’ ही गोष्टच उरली नाही म्हटल्यावर त्याचा पगार सुटला. डबे सापडले नाहीत. पण संध्याकाळी मी ताट घेऊन रांगेत होतो तेव्हा तो पोळ्या वाढत होता. हळूच म्हणाला, “दादा, मी चोर नाही असं लिहिलंय का त्यात?”

मी म्हटलं, “नाही. काच आतून फुटली एवढं लिहिलंय.”

त्याने मान हलवली आणि पुढच्याला पोळी वाढली. दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही. दुसरीकडे काम मिळालं असं मामा म्हणतात.

जाता जाता ज्युनिअर्ससाठी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. तेव्हा माणसं लागणार, आणि ती सगळी केमिस्ट्रीचीच असतील असं नाही. आग, काच, मोडलेला शाफ्ट, कोसळलेला जिना, हे सगळं आपलंच आहे. मी स्वतः गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाकडे डोळा ठेवून आहे. बाबांचं म्हणणं आधी कॅम्पसला बसावं. ती चर्चा सुरू आहे.

सरांनी सध्या नवा विषय दिलाय, तांब्याची वायर. शॉर्ट सर्किटने वितळलेलं टोक आणि नंतर आगीत वितळलेलं टोक वेगळं ओळखता येतं का? वही उघडली आहे, ‘दिसलं’चा रकाना अजून अर्ध्या पानाचाच आहे. आणि रेक्टर सर, वायर स्टँडजवळच्या भंगारवाल्याकडून आणलेली आहे. हॉस्टेलची नाही. पावती आहे.