शीत कोणी वेचले?

आमचा बालाघाट जिल्हा भाताचा. पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यात जिकडे पाहावे तिकडे पाण्याने भरलेल्या बांध्या दिसतात, आणि येथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हा रहिवाशांना घरातले मूल वर्गात पहिले आल्यासारखा आनंद झाला. अशा मुलखात 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण कोणाला निराळी शिकवावी लागत नाही. मात्र या म्हणीत एक अट न बोलता धरलेली आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. परीक्षेचे शीत परीक्षा करणाऱ्याने आपल्या हाताने पातेल्यातून काढलेले असावे, ही ती अट. रांधणाऱ्यानेच नीट शिजलेले एक शीत वेचून समोर ठेवले, तर परीक्षा त्या एका शिताची होते. भात कच्चा की पक्का, हे कळायचे राहूनच जाते.

धान्याच्या बाजारात ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. विकणारा ओंजळभर धान पुढे करतो, पण घेणारा त्यावर भाव बोलत नाही. तो आपल्या मनाने एखादे पोते निवडतो, त्यात परखीचे लोखंडी टोक खुपसतो आणि पोत्याच्या पोटातले दाणे बाहेर काढून पाहतो. शेजारच्या भरवेलीला मँगनीजची खाण आहे. खनिजाच्या मोठ्या व्यवहारांत नमुन्याचे भाग पाडून एक विकणाऱ्याला व एक घेणाऱ्याला देण्याची, आणि एक मोहोरबंद करून तंटा उद्भवल्यास पंचासाठी राखून ठेवण्याची रीत आहे. यात कोणी कोणाला लबाड ठरवीत नाही. नमुना कोणी काढला, हा प्रश्न परीक्षेच्या पद्धतीचा आहे, एवढेच दोन्ही पक्षांनी कबूल केलेले असते.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र अगदी निराळे, म्हणजे अतिमहागड्या स्पोर्ट्स मोटारींचे आहे. माझा भाचा पुण्यास असतो. मोटारी चालवून पाहणे आणि त्यांची परीक्षणे लिहिणे हा त्याचा चरितार्थाचा व्यवसाय. आपले प्रत्येक परीक्षण तो मला पाठवतो आणि मी ते साद्यंत वाचतो. स्वतः मी स्कूटरच्या पुढे कधी गेलो नाही, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही आड येत नाही. जिची किंमत तीन-चार कोटी रुपये आणि जिचे पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही, अशी गाडी आमच्या बैहरच्या घाटात आणली तर तिची काय अवस्था होईल, हा माझा नेहमीचा प्रश्न. "मामा, तुमच्या घाटाची माहिती कंपनीच्या पुस्तिकेत नाही," हे त्याचे नेहमीचे उत्तर.

या परीक्षणांविषयी एक गोष्ट मला प्रथमपासून जाणवत आली आहे. ती वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती गाडी कधीच घ्यावयाची नसते. एखाद्याने चिन्नोर म्हणून भलताच तांदूळ गळ्यात मारला, तर लबाडी त्याच रात्री पानावर उघडी पडते. कोट्यवधींच्या गाडीविषयीचे खोटे कोणाच्या पानावर पडणार? वाचकाला पडताळा पाहण्याची सोय नाही आणि फसवले गेल्याची जाणीव होण्याचाही संभव नाही. म्हणून इतर परीक्षणांपेक्षा येथे लिहिणाऱ्याच्या सचोटीवरच सारी भिस्त असते.

गेल्या दिवाळीत भाचा चार दिवस येथे आला होता, तेव्हा या व्यवसायाची रीत मी त्याच्याकडून समजून घेतली. एवढ्या किमतीच्या गाड्या विकत घेऊन तपासणे मासिकांना परवडत नाही. तेव्हा गाडी कारखानदाराकडून उसनी येते. पुष्कळदा परीक्षकांनाच दूरच्या शर्यतीच्या मार्गावर नेले जाते. प्रवासाचे तिकीट, हॉटेल, जेवण, सारे निमंत्रकाकडून. गाडी कोणती द्यावयाची, तिला कोणते टायर असावेत, ती किती फेऱ्या चालवू द्यावयाची आणि लेख कोणत्या दिवसाआधी छापावयाचा नाही, हेही बहुधा तिकडेच ठरते. "मुलीकडच्यांनी चौकशीसाठी मुलाच्या वडिलांनी दिलेल्या तीनच नावांवर भागवावे, तसा हा प्रकार," मी म्हणालो. तो हसला, पण त्याने ते नाकारले नाही.

या रीतीवर सर्वांत गाजलेली तक्रार ख्रिस हॅरिस या ब्रिटिश परीक्षकाने २०११ साली लेख लिहून केली. त्याचे म्हणणे असे होते की, फेरारी कंपनी परीक्षणासाठी खास सिद्ध केलेल्या गाड्या देते, सोबत तंत्रज्ञांचे पथक पाठवते आणि तुलना कोणत्या अटींवर व्हावी यातही लक्ष घालते. परीक्षणाला दिलेली गाडी गिऱ्हाइकाला मिळालेल्या त्याच नमुन्याच्या गाडीहून स्पष्टपणे वेगवान निघाल्याचा दाखलाही त्याने दिला होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हॅरिस हा त्या गाड्यांचा निंदक नव्हता. त्या त्याला मनापासून आवडत. त्याचा आक्षेप भातावर नव्हताच, शीत निवडून देण्याच्या पद्धतीवर होता. त्यानंतर काही काळ त्या कंपनीची दारे त्याला बंद राहिली आणि पुढे केव्हातरी पुन्हा उघडली.

दार बंद करण्याखेरीज दुसरा उपाय जाहिरातीचा. २००५ च्या एप्रिलमध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये डॅन नील यांनी पाँटियाक कंपनीच्या एका साध्याच गाडीचे परीक्षण करताना जनरल मोटर्सच्या कारभारावर कठोर टीका केली. आदल्याच वर्षी त्यांना मोटारींवरील समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालेले होते. लेखांत वस्तुस्थितीच्या चुका आहेत असे सांगून कंपनीने त्या वृत्तपत्राला दिलेल्या जाहिराती थांबवल्या. त्या काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाल्या. ते पत्र मोठे होते, त्याने सोसले. लहान मासिकाच्या संपादकाला असा एक प्रसंग आयुष्यभर पुरतो.

परंतु पक्षपात नेहमी स्तुतीच्याच रूपाने येतो असे नाही. ब्रिटनच्या 'टॉप गिअर' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात २००८ च्या डिसेंबरमध्ये टेस्ला कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या रोडस्टर या स्पोर्ट्स मोटारीची परीक्षा झाली. गाडी शर्यतीच्या मार्गावर पंचावन्न मैलांत थांबेल, असे सांगून ती ढकलत आत नेल्याचे दृश्य दाखवले गेले. बॅटरीतील वीज प्रत्यक्षात वीस टक्क्यांच्या खाली कधी गेलीच नव्हती, असा कंपनीचा दावा होता. २०११ साली तिने बीबीसीवर खटला भरला, पण न्यायालयांनी तो ग्राह्य धरला नाही आणि २०१३ मध्ये अपीलही फेटाळले गेले. कायदा बीबीसीच्या बाजूने राहिला. तरी प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उरतोच. तेथे कारखानदाराची भीड नव्हती, पण करमणुकीची भीड होती. ढकलली जाणारी गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा पाहावयास अधिक गंमतीची, आणि हा मोहसुद्धा निमंत्रणाच्या जेवणाइतकाच बलवान असतो.

तिसरी भीड आपलेपणाची. गोव्यात १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची छोटी उघडी गाडी तयार होऊ लागली. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मुंबईच्या डीसी संस्थेने 'अवंती' मांडली, तेव्हा देशी स्पोर्ट्स मोटार म्हणून तिचे केवढे कौतुक झाले! अशा गाडीच्या दारात फट दिसली किंवा वळणावर ती डळमळली, तर परीक्षकाने ते कोणत्या शब्दांत लिहावे? आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक हा पेच चांगला ओळखतो. गणेशोत्सवात आपल्याच मंडळींनी नाटक बसवलेले असते, नायक दुसऱ्या अंकात दोनदा संवाद विसरलेला असतो, तरी मंडळाच्या अहवालात प्रयोग 'अत्यंत यशस्वी' होतो. हौशी नाटकाच्या बाबतीत त्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही माया महागात पडू शकते.

मग शीत आपल्या हाताने वेचण्याचा मार्ग कोणाला सापडला आहे काय? अमेरिकेत १९३६ साली कन्झ्युमर्स युनियन या नावाने स्थापन झालेली ग्राहकांची संस्था आपल्या नियतकालिकात जाहिरात घेत नाही, आणि परीक्षेसाठीच्या गाड्या साध्या गिऱ्हाइकाप्रमाणे, आपली ओळख न देता दुकानातून विकत घेते. २०१२ च्या मार्चमध्ये तिने फिस्कर कंपनीची कर्मा ही गाडी १,०७,८५० डॉलर मोजून आणली. दोनशे मैलही पुरते झाले नव्हते, तोच ती संस्थेच्या चाचणीच्या मार्गावर बंद पडली. कंपनीने पाठवलेली गाडी असती, तर तत्काळ दुसरी आली असती आणि पहिलीची कथा कदाचित कोणाच्या कानीही गेली नसती. याच संस्थेने २०१५ च्या ऑगस्टमध्ये टेस्लाच्या एका वेगवान मोटारीला शंभरांपैकी एकशे तीन गुण दिले, आणि ऑक्टोबरात त्याच जातीच्या गाड्यांच्या मालकांनी कळवलेल्या बिघाडांवरून आपली शिफारस मागे घेतली. दोन महिन्यांपूर्वीच्या स्वतःच्या कौतुकाला मुरड घालणे तिला शक्य झाले, कारण तिचा खर्च वाचक उचलत होते.

आपल्याकडे एवढे बळ असलेली संस्था मोटारींच्या क्षेत्रात उभी राहिलेली नाही. काही पावले पडली आहेत. जाहिरातींच्या स्वयंनियमनासाठी असलेल्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ साली समाजमाध्यमांवर वस्तूंची भलामण करणाऱ्यांसाठी नियम केले. फुकट मिळालेली वस्तू, प्रवास, हॉटेलातील मुक्काम, यांचाही उल्लेख उघडपणे केला पाहिजे, असे त्यांत आहे. पण नियम झाला म्हणून सवय होत नाही. आमच्या गल्लीतली पोरे रात्री फोनवर एका पाठोपाठ एक परीक्षणे पाहतात. त्यांतल्या प्रत्येक गाडीचे वर्णन 'अप्रतिम' याच शब्दाने संपते, आणि त्यांना ते खटकत नाही. त्या गाड्या त्यांना मिळणार नाहीत याचे मला दुःख नाही. परीक्षण म्हणजे कौतुकच, अशी त्यांची समजूत होऊन बसेल, याची चिंता मात्र वाटते. उद्या शाळा, औषध किंवा नोकरी निवडताना ते याच कानांनी ऐकणार आहेत.

भाच्याने गेल्या वर्षापासून आपल्या प्रत्येक परीक्षणाखाली चार ओळी लिहिण्यास आरंभ केला आहे: गाडी कोणी दिली, खर्च कोणी केला, किती किलोमीटर चालवली, आणि काय तपासता आले नाही. संपादकांनी त्या ओळी छापल्या. त्यानंतर एका कंपनीची निमंत्रणे आली नाहीत. कारण कोणी सांगितले नाही. अशा गोष्टींची कारणे कोणी सांगत नसते. त्याच्या दोन मुलांची शिक्षणे व्हावयाची आहेत, घराचे हप्ते आहेत. "मामा, दार बंद झाले तर मी लिहू कशावर? दाराबाहेर उभे राहून खरे लिहिणाऱ्याला गाडीचे ब्रेक कसे आहेत हे सांगता येत नाही," तो म्हणाला. हा आक्षेप खोटा नाही. आत शिरल्याशिवाय परीक्षा नाही आणि आत शिरावयाचे तर यजमानाची मर्जी हवी, हा पेच केवळ तत्त्वे सांगून सुटणारा नव्हे.

मी त्याला एवढेच म्हणालो, "भीड कोणाला नसते? ती नाही असे भासवू नकोस. शीत तुला वेचू दिले नाही, तर कोणी वेचले तेवढे सांग. त्याचे मोल वाचक करील." त्यावर मामींनी, सासरच्या माणसांपुढे भाजी अळणी असल्याचे आपण तीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत, असे मला सुनावले आणि चर्चा तेथे संपली.

परंतु वाचकाने मोल करावयाचे, हे मी बोलून गेलो खरा. ते करण्याची जबाबदारी आता आपल्यावर येते. खरे परीक्षण फुकट मिळत नाही. आपण वर्गणी भरली नाही, तर ती दुसरा कोणी भरतो, आणि मग शीतही तोच निवडतो. दुसरे असे की, आपल्यालाही आवडत्या गोष्टीची स्तुतीच ऐकावयाची असते. स्वप्नातल्या गाडीचा दोष सांगणारा आपल्याला नकोसा होतो. कारखानदारापेक्षा वाचकांच्या या रुसव्याची भीती आपल्याला अधिक वाटते, असे भाच्याने मला जाताना सांगितले.

त्याचे ताजे परीक्षण परवा आले. खालच्या ओळींत लिहिले होते: गाडी कंपनीने निवडून दिली, खर्च कंपनीचा, एकूण चालवणे एक्केचाळीस किलोमीटर, पावसात आणि खराब रस्त्यावर चालवू दिली नाही. वर तीन पाने भरून गाडीच्या वेगाचे सुंदर वर्णन आहे. ते मी नंतर वाचले. अलीकडे मी त्याची परीक्षणे खालून वर वाचतो.