सोलकढी वर्ज्य

महाडहून पोलादपूरकडे येताना हायवेच्या कडेच्या भिंती वाचत आलात, तर या भागातल्या माणसाला काय काय होतं ते कळतं. मूळव्याध, भगंदर, मुतखडा. खाली 'ऑपरेशनशिवाय हमखास गुण' आणि मोबाईल नंबर. शौचाच्या वेळी रक्त पडलं की आमच्याकडे मनातल्या मनात हाच नंबर फिरतो. रक्त म्हणजे मूळव्याध, मूळव्याध म्हणजे तिखट खाल्लं, उष्णता झाली, फार तर बसून काम केलं. माझे चुलत सासरे मुंबईची गिरणी सुटल्यावर गावी आले आणि दीड-दोन वर्षं पुड्या खात राहिले. अंगातलं रक्त पार कमी होऊन चक्कर आली तेव्हा कुठे त्यांना मुंबईला परळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे निदान झालं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं, तोवर तो यकृतापर्यंत गेलेला. पुड्या देणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. घरात आम्ही सगळे शिकलेलेच होतो, मी तर शिक्षिका. पण सासऱ्यांना संडासाबद्दल विचारणार कोण?

ही गोष्ट माझ्या मनात कुठे तरी पडून होती. ती वर काढली माझ्या मामेबहिणीनं. ती इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. मागच्या शिमग्याला आली होती. पुरणपोळ्या लाटता लाटता सांगू लागली, की तिथे पन्नाशी झाली की सरकारी आरोग्य सेवेकडून घरी पोस्टानं एक डबी येते. डबीच्या झाकणाला बारीक काडी, काडीला खाचा. ती काडी विष्ठेला जराशी टेकवायची, डबी बंद करायची, तारीख लिहायची आणि पोस्टात टाकायची. आमच्या सासूबाई ताडकन उठून ओटीवर गेल्या. पुरणाशेजारी हा विषय त्यांना पटला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण डबी डोक्यातून जाईना.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, की इंग्लंडमध्ये ही तपासणी 2006 साली सुरू झाली. तेव्हा ती साठीनंतरच्यांसाठी होती. 2021 पासून टप्प्याटप्प्यानं वय पन्नासवर आणलं. जपाननं तर अशी देशभरची तपासणी 1992 मध्येच सुरू केली होती. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2021 मध्ये सुरुवातीचं वय 50 वरून 45 केलं, कारण तरुणांमध्ये हा आजार वाढताना दिसत होता. आपल्याकडे अशी डबी येत नाही. आमच्या वाडीत आशाताई येतात, तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, तोंडात न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ लागते का, पाळी गेल्यावर रक्त जातं का. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख, या तीन जागांच्या कॅन्सरवर सरकारी कार्यक्रमाचा भर आहे आणि तो योग्यच आहे. आपल्याकडे याच जागांच्या कॅन्सरनं जास्त माणसं जातात. आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानानं आपल्याकडे बरंच कमी आहे आणि दुर्बिणीनं आतडं तपासणारे डॉक्टर मोठ्या शहरांतच. प्रत्येक पन्नाशीच्या माणसाला डबी वाटली तर पुढची तपासणी करणार कोण आणि कुठे? त्यामुळे मला सरकारवर रागावता येत नाही.

आणि आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. इथे मरण अंगावर येतं तेव्हाच दिसतं. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटातून दरीत गेली आणि एक जण सोडून कोणी परत आलं नाही. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर डोंगर आला. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ताही जागोजाग खचला. अशा ठिकाणी राहणाऱ्याला सांगून बघा, की तुझ्या आतड्यात दहा वर्षं हळूहळू काही तरी वाढत असेल, आज तुला काही होत नाही, तरी जाऊन बघून ये. तो तुमच्याकडे बघत राहील. दुखत नसताना डॉक्टरकडे जायचं म्हणजे काय तोंडानं जायचं?

पण याच भागात दुसरंही एक उदाहरण आहे, आणि मला धीर आला तो त्यामुळे. 1976 च्या सुमाराला महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः पोरं, रात्रीतून दगावायची. बावस्कर रोग्याशेजारी बसून राहिले, एकेक लक्षण टिपत गेले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि पुरुषांच्या बाबतीत लिंगाचा ताठरपणा. हे शेवटचं लक्षण कोणी आपणहून सांगणार नाही, आणि सभ्य डॉक्टर विचारणारही नाही. त्यांनी ते पाहिलं, लिहिलं, 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापलं. विष हृदयावर जातंय याची ती आगाऊ खूण होती. पुढे प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध देऊन त्यांनी हे मृत्यू बोटांवर मोजण्याइतके खाली आणले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचे फलक महाडात लागले. मला मात्र त्यांचा तो लाज बाजूला ठेवून विचारलेला प्रश्नच सगळ्यात मोठा वाटतो.

तर मी महाडला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि केबिनचं दार लोटून घेऊन सांगितलं, की मलाही ती डबीची तपासणी करायचीय. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. शौचातलं न दिसणारं रक्त शोधायच्या जुन्या पद्धतीत मांस, मुळा असलं खाल्लेलंही गोंधळ घालायचं. आताची 'फिट' ही तपासणी फक्त माणसाच्याच रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे आधी पथ्य नाही, असं त्यांनी समजावलं. लॅबमधल्या मुलानं डबी कागदात गुंडाळून दिली, जशी आमच्या तरुणपणी मेडिकलवाले सॅनिटरी पॅडची पुडी द्यायचे. ती परत नेऊन देताना मी पर्सच्या तळाशी ठेवली होती. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं पर्स मांडीवर घेऊ का विचारलं, तर मी नको नको म्हणत ती घट्ट धरली. बाईला वाटलं असेल, पगार आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

डॉक्टर म्हणाले, "बाई, याचा अर्थ कॅन्सर नव्हे. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना तो नसतो. आतली मूळव्याध असेल, एखादा कोंब, म्हणजे पॉलिप, असेल, काहीच नसेल. पण आता कोलोनोस्कोपी टाळायची नाही." घरी आल्यावर यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सुट्टी लागली की पुण्याला जाऊ. भावाकडे उतरता येईल."

सुट्टी मे महिन्यात लागते, हे पुण्याच्या डॉक्टरांच्या पथ्याच्या कागदाला माहीत नव्हतं. तपासणीआधी तीन दिवस साल नको, बी नको, चोथा नको. म्हणजे नाचणीची भाकरी नको, वालाचं बिरडं नको, पालेभाजी नको. आंबा नको, फणस नको. आंबेनळी घाटात वळणावळणावर पोरं पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन उभी असतात, ती तर दोन्ही अंगांनी निषिद्ध, बियाही आणि रंगही. आदल्या दिवशी नुसती पारदर्शक पेयं: शहाळं, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, डाळीच्या वरचं निवळ. तिथे खास टीप होती, लाल-जांभळ्या रंगाचं पेय नको. आतड्यात तो रंग राहिला तर रक्त कोणतं आणि रंग कोणता कळत नाही. कोकम सरबत गेलं. सोलकढी गेली. भरल्या मे महिन्यात कोकणातल्या बाईनं मऊ भात आणि दही खाऊन राहायचं, आणि समोर हे आणि पुतण्या पायरीचा रस ओरपतायत. पथ्याचा कागद मी देवघराशेजारी चिकटवला होता. सासूबाई येता-जाता तो वाचून माझ्याकडे दयेनं बघत.

घाट आम्ही आदल्या दिवशी सकाळीच चढलो. प्रतापगडाचा फाटा, महाबळेश्वर, पाचगणी, मग पसरणीचा घाट उतरून वाई आणि पुढे पुणे. एरवी महाबळेश्वरला मक्याचं कणीस ठरलेलं. त्या दिवशी मी गाडीतच बसून राहिले. पोट साफ करायचं औषध घरीच घेऊन निघता आलं तर, असा एक विचार यांच्या डोक्यात होता. रस्त्यानं जाताना मी त्यांना फक्त वळणं दाखवत गेले.

हे औषध म्हणजे पावडरीचं मोठं पाकीट, दोन लिटर पाण्यात विरघळवायचं. अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेलाभर. चव खारट, त्यावर लिंबाचा खोटा वास. पहिले दोन पेले गेले तेव्हा वाटलं, एवढंच होय. पुण्यात धायरीतला दिरांचा फ्लॅट दोन खोल्यांचा आणि संडास एक. जाऊबाईंनी मुलांना शेजारी झोपायला पाठवलं, दिरांना सांगितलं की आज रात्री सोसायटीच्या ऑफिसमधलं वापरा, आणि मला म्हणाल्या, "आता हे तुमचं राज्य." लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण आमच्यात जेवढं मोकळं बोलणं झालं नव्हतं तेवढं त्या रात्री त्या दाराच्या आतून-बाहेरून झालं. त्यांनाही कधी कधी रक्त दिसतं, हे मला तेव्हाच कळलं. त्या तीन वर्षं कुणाला बोलल्या नव्हत्या. मी आतून ओरडून विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?" बाहेर शांतता. मग, "आधी तुमचं होऊ दे."

या तपासणीत कठीण भाग असेल तर तो हाच, पोट साफ करण्याचा. पहाटेपर्यंत पोटातून फक्त पिवळसर, तळ दिसेल असं पाणी येऊ लागतं, तेव्हा तयारी झाली समजायचं. तयारी नीट झाली नाही तर बारीक कोंब लपून राहतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून शेवटचे पेले मी नाक दाबून संपवले.

प्रत्यक्ष कोलोनोस्कोपीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मागून उघडा असलेला गाऊन, हातात सलाईनची सुई, डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी. डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनं नाव विचारलं, शाळा कुठली विचारलं आणि झोपेचं औषध सोडलं. अर्धवट गुंगीत मला पडद्यावर गुलाबी, ओलसर, वळणं घेत जाणारी वाट दिसली आणि मी म्हणे "कशेडीचा बोगदा झाला का सुरू?" असं विचारलं. मला आठवत नाही, नर्सनं नंतर सांगितलं. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब असतं. नळी आधी टोकापर्यंत न्यायची आणि मग सावकाश मागे घेत बघायचं, खरी तपासणी परतीच्या वाटेवर असते. तशीच परत येताना तिला एक कोंब दिसला, 6 मिलिमीटरचा. तारेचा फास टाकून तो तिथल्या तिथे काढला. मला काही कळलंही नाही.

हे तिथल्या तिथे काढणं मला अजून नवलाचं वाटतं. 1969 पर्यंत आतड्याच्या आतल्या भागात असा कोंब निघाला तर पोट फाडावं लागे. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोघांनी दुर्बिणीतून तार घालून पहिल्यांदा तो काढला. बहुतेक कोंबांचा कधीच कॅन्सर होत नाही, पण ज्यांचा होतो त्यांना साधारण दहा वर्षं लागतात, आणि कोणाचा होणार हे बघून सांगता येत नाही. म्हणून दिसला की काढायचा. बायोप्सीत ॲडिनोमा निघाला, म्हणजे अशाच जातीचा, पण अगदी सुरुवातीचा. पुन्हा पाच वर्षांनी या, असं फाइलवर लिहून दिलं. यांनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'पावसाळा सोडून'.

मला विचाराल तर वाडीतल्या प्रत्येकानं पुणे गाठून हे करावं असं मी म्हणणार नाही. खर्च आहे, घाट आहे, दोन दिवसांची मजुरी बुडते. पण पंचेचाळिशीनंतर रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, कारणाशिवाय रक्त कमी झालं, तर भिंतीवरच्या नंबराआधी एकदा डॉक्टरला बोट घालून तरी बघू द्यावं. हे वाक्य मी शाळेच्या पालक सभेत बोलले तेव्हा पुरुषांनी माना खाली घातल्या आणि सभा संपल्यावर दोन बायका मागे थांबल्या. जाऊबाई जूनमध्ये जाऊन आल्या, त्यांची खरोखरच मूळव्याध निघाली. यांच्यासाठी मी महाडहून डबी आणली. हे म्हणाले, "मला काही होत नाही." मग थोड्या वेळानं, "याला सोलकढी बंद करावी लागते का?" नाही म्हटल्यावर तयार झाले.

हे सगळं सांगायला मी लेस्टरला फोन लावला. मामेबहिणीचे आभार मानले, म्हटलं तुझ्यामुळे वेळेवर निघालं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, माझी डबी अजून बाथरूमच्या कपाटात आहे. दुसरी आठवण करणारी चिठ्ठीही येऊन गेली." तिच्या देशातही साधारण तिघांतला एक जण डबी परत पाठवत नाही, असं मी वाचलं होतं. तो तिसरा माणूस आमच्याच घरचा असेल हे काही वाटलं नव्हतं. मी तिला तिथल्या तिथे झाडली, जशी ती लहानपणी मला झाडायची, आणि सांगितलं की उद्या संध्याकाळी मी पुन्हा फोन करणार, तेव्हा पोस्टाची पेटी बघून आलेली पाहिजेस.