गंगाधरपंतांचा ताप

संत बहिणाबाईंनी आपली हकीकत स्वतःच अभंगांत सांगून ठेवली आहे. जन्म १६२८चा, वेरूळजवळच्या देवगावचा. लग्न अगदी लहानपणी. नवरा गंगाधरपंत पाठक, तिशीतले बिजवर, विद्वान आणि तापट. पुढे कर्जापायी गाव सुटलं आणि फिरत फिरत सगळे कोल्हापूरला पोचले.

तिथे दान मिळालेल्या गाईच्या वासराने बहिणाला लळा लावला. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्या मागे जाई. वासरू गेलं आणि त्या दुःखात तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला मंत्र दिला. तिला बघायला लोक जमू लागले. पंतांना ते सोसेना. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं, आणि लोकांनी नवऱ्याला सोडून तिच्या पाया पडायचं! त्यांनी तिला मारलं. ती गरोदर असताना घर सोडून जायला निघाले.

हा भाग मी वाचला तेव्हा आमच्या घरात अबोला होता. ‘तूच पडतं घे,’ असं मला येणाराजाणारा सांगत होता. अहंकार सोडण्याचा उपदेश आपल्याकडे बहुधा आधीच वाकलेल्या माणसाला होतो, म्हणून या पानांनी मला धरून ठेवलं. पतिसेवा हाच माझा धर्म, असं बहिणाबाई म्हणतात. आज ते वाचताना मला त्रास होतो. पण तुकोबांना त्यांनी मनातून काढलं नाही, हेही तितकंच खरं.

निघण्याच्या बेतात असलेल्या पंतांनाच तापाने आडवं केलं. शुश्रूषा तिनेच केली. त्या दुखण्यात पंतांना पश्चात्ताप झाला. बरे होताच ते कुटुंबासह देहूला गेले आणि ज्यांना शूद्र म्हणून हिणवलं, त्या तुकोबांपुढे नमले. तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने विरोध केला, तेव्हा मात्र पंत बायकोच्या बाजूने उभे राहिले. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. नमस्कार क्षणात होतो, लोकांसमोर टिकून राहणं अवघड.

बहिणाबाई १७००मध्ये गेल्या. शिऊरला त्यांची समाधी आहे. नवऱ्याची मारहाण त्यांनी झाकली नाही आणि त्याचं बदलणंही.

एका रात्री हा भाग मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. अबोला सुटला तो वादानेच. ताप आला नसता तर पंत बदललेच नसते, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तापाने फक्त त्यांचं जाणं थांबवलं. उशाशी कोण बसलंय, हे त्यांना त्यामुळे दिसलं.