व्हर्नात्साचा खल

“चटणी वाटायला शिकायची, तर इटलीला कशाला?” म्हणून आमच्या आत्याबाई हसल्या होत्या. पण लिगूरियाच्या किनाऱ्यावर, व्हर्नात्सा गावी, पहिल्याच सकाळी माझ्यापुढे संगमरवरी खल आला. आपल्या सब्जाच्या जातीची कोवळी पाने, लसूण, जाडे मीठ, पाइनच्या बिया. मागाहून चीज आणि ऑलिव्हचे तेल. याचे नाव पेस्तो. मी घरच्या जोमाने बत्ता हाणताच यजमानीणबाईंनी माझे मनगट धरले. पाने कुटली की काळवंडतात. खलाच्या कडेकडेने घोटायची. वाटीभर पेस्तोला पाऊण तास लागला!

जेवताना बाईंनी खिडकीतून डोंगर दाखवला. द्राक्षमळ्यांचे टप्पे, आणि त्यांना चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचलेले बांध. तरुण मंडळी शहरात गेली, बांध ढासळत गेले. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसाने डोंगराची माती गावात आणली. माणसे दगावली, तळमजले बुजले. हा खल त्याच चिखलातून उकरून काढलेला.

दिवेलागणीला बाईंचे यजमान डोंगरावरून उतरले. दिवसभरात हातभर बांध उभा राहिला होता. हात धुऊन ते टेबलाशी बसले, आणि खलाच्या तळाशी उरलेला पेस्तो त्यांनी पावाच्या तुकड्याने सावकाश पुसून खाल्ला.